वारसा यादीचे पुनर्सर्वेक्षण : कामाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून यादीचे काम रीतसर सुरू. जुन्या भागातल्या १८६ इमारती, तीस वर्षांपूर्वी केलेली यादी, प्रत्येक इमारतीला एक पान. पानावर रस्त्यावरून काढलेला एक फोटो आणि खाली एक ओळ. 'दगडी, दुमजली, स्थिती चांगली.' 'जुनी व देखणी.' 'कोपऱ्यावरची सुंदर इमारत.'

हे काम मी मागून घेतले. कारण ७३ क्रमांकाची इमारत. मागच्या वर्षी तिच्या सुनावणीत मालकाच्या वकिलांनी अगदी शांतपणे विचारले, "या इमारतीत नेमके काय जपायचे आहे, ते तुमच्या नोंदीत कुठे लिहिले आहे?" मी पान उघडले. 'दगडी इमारत, स्थिती चांगली.' मला त्या इमारतीबद्दल बरेच ठाऊक होते. आतला जिना, मागच्या अंगाचा लाकडी सज्जा, यावर मी दहा मिनिटे बोललेही. पण ते त्या दिवशी बोललेले होते, आधी लिहिलेले नव्हते. समितीने ते माझे मत मानले, नोंद मानली नाही. दोन महिन्यांत तिथे पत्र्याचे कुंपण लागले.

या वेळी एकच नियम: अर्ज येण्याआधी लिहायचे.

१० जानेवारी

नोंदीचा नमुना ठरवायला दोन दिवस गेले. आधाराला बुरा सनद घेतली. ऑस्ट्रेलियातल्या बुरा या गावी १९७९ साली स्वीकारलेली ही सनद मला नेहमीच सगळ्यांत उपयोगी वाटली आहे, कारण ती आधी महत्त्व समजून घ्यायला सांगते आणि मगच काय करायचे ते ठरवायला. सौंदर्य, इतिहास, शास्त्रीय माहिती, समाजाची नाळ, श्रद्धा, यांतले काय त्या वास्तूत आहे ते लिहा. हस्तक्षेप जरूर तेवढा, पण कमीत कमी.

जुन्या नमुन्यातला 'सौंदर्य : उत्तम / मध्यम / सामान्य' हा रकाना काढून टाकला. त्याने कुणाचेच भले झालेले नाही. त्याऐवजी तीन परिच्छेद: ही वास्तू का महत्त्वाची, ते महत्त्व कोणत्या भागांत आहे, आणि कोणते भाग बदलले तरी चालतील.

तिसऱ्या परिच्छेदावर सहकाऱ्याशी वाद झाला. त्याचे म्हणणे, "आपणच सूट लिहून दिली तर उद्या सगळे तिथेच बोट ठेवतील." माझे म्हणणे उलट आहे. जिथे काहीच मोकळे नाही असे आपण सांगतो, तिथे मालक विचारायला येतच नाही. तो रात्री काम उरकतो. मागची न्हाणीघराची भिंत बदलायला आमची हरकत नाही, हे त्याला आधीच कळले तर दर्शनी खांबांसाठी तो आमच्याशी बोलेल. शेवटी तो परिच्छेद राहिला.

१६ जानेवारी

पहिली फेरी, अकरा इमारती. दिवसभर मान वर. रस्त्याच्या पातळीवर दुकानांच्या पाट्यांनी सगळे झाकलेले असते. इमारत वाचायची तर पहिल्या मजल्यापासून वर. ५ क्रमांकाच्या घराला तिसरा मजला नंतर चढवला आहे. खाली विटांची रचना एक आड एक, उभी-आडवी, आणि वर नुसती आडवी. विटांमधल्या दरजाही, म्हणजे सांधेही, वर बारीक होतात. जुन्या पानावर 'तिमजली' एवढेच होते.

२२ जानेवारी

अभिलेखागारात. विमा कंपन्यांसाठी काढलेले जुने नकाशे मिळाले तर आमच्या कामाला सोने. आग कुठे लवकर पसरेल हे कळावे म्हणून त्यांत प्रत्येक इमारतीचे साहित्य रंगाने दाखवलेले असते. अमेरिकेतल्या सॅनबॉर्न नकाशांत वीट गुलाबी, लाकूड पिवळे, दगड निळा. हे काढणाऱ्यांना वारशाशी काही देणेघेणे नव्हते, पण खिडक्या, मजले, भिंतींची जाडी त्यांनी इतक्या इमानाने टिपली आहे की आज आमच्याकडे त्याहून चांगला पुरावा नाही.

आपल्या जुन्या भागाचे असे तीनच ताव हाती लागले. बाकीसाठी नळजोडणीच्या नोंदवह्या. घराला पाणी कधी मिळाले यावरून ते कधी उभे राहिले याचा अंदाज बांधता येतो, निदान 'याच्या आधी' असे तरी म्हणता येते. कुणी तरी धूळ झटकून त्या वह्या एकाच कपाटात अनुक्रमे लावून ठेवल्या होत्या. त्या अनोळखी कारकुनाचे उपकार.

४ फेब्रुवारी

२९ क्रमांक. आजचा सगळा दिवस एका भिंतीत गेला आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

खालच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला ओल. चार वर्षांपूर्वी मालकांनी ओल थांबावी म्हणून कमरेच्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आणि वर चकचकीत रंग दिला. ओल आता छातीपर्यंत आली आहे. गिलाव्याच्या वरच्या कडेला विटांचे पापुद्रे सुटून खाली लाल भुगा पडला आहे. लोणा हाताला लागतो. मालकीणबाई मला म्हणाल्या, "एवढा खर्च केला आणि भिंत आणखी खराब झाली. घरच जुने, त्याला आम्ही तरी काय करणार?"

घर जुने आहे म्हणून हे झालेले नाही, हे त्यांना समजावून सांगायला मी जमिनीवर बसून चित्र काढले. ही भिंत चुन्यात बांधलेली आहे. चुना हवेतला कर्बवायू शोषत वर्षानुवर्षे घट्ट होतो, पण त्याची छिद्रे बुजत नाहीत. जमिनीतून पाणी वर चढते, दरजांमधून आणि गिलाव्यातून बाहेर पडून वाळते. अशी भिंत ओली होते आणि वाळते, त्यात तिचे काही बिघडत नाही. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ चे. त्या आधी बांधणाऱ्यांना हाच एक हिशेब ठाऊक होता: बांधणीचा माल विटेपेक्षा मऊ असावा, म्हणजे झीज सोसायची ती दरजेने सोसावी, विटेने नव्हे. दरजा पुन्हा भरता येतात. वीट पुन्हा भरता येत नाही. सिमेंटने खालचा रस्ता बंद केला की पाणी वर वाट शोधते, विटेतून बाहेर पडते, आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या कातडीखाली स्फटिक होऊन तिला आतून फोडतात.

दरजेतल्या मालाचा एक खडा सौम्य आम्लात टाकून दाखवला. चुना फसफसून विरघळला, तळाशी वाळू राहिली. वाळूचे दाणे जाडेभरडे, काहींना टोके. दुरुस्तीचा चुना कालवताना याच जातीची वाळू शोधायला सांगितली.

मग बाहेर जाऊन जोते पाहिले आणि मनाला लागले. जोते जवळजवळ दिसतच नाही. डांबराचे थर एकावर एक चढून रस्ता जोत्याच्या माथ्याला टेकला आहे. पावसाचे पाणी आता रस्त्यावरून भिंतीकडे येते. म्हणजे दोषाचा मोठा वाटा मालकांचा नाहीच, रस्त्याचा आहे, आणि रस्ता शहराचा. मी हे नोंदीत स्पष्ट लिहिले: 'सिमेंट गिलावा काढावा, चुन्याचा करावा, त्याआधी रस्त्याचा थर खरवडून भिंतीपासून दूर उतार द्यावा.' रस्त्याविषयीचा भाग वरिष्ठांना आवडला नाही. ठेवला आहे.

५ फेब्रुवारी

रस्त्यांचे काम पाहणाऱ्या विभागाला पत्र. सोबत २९ क्रमांकासारख्या आणखी नऊ जोत्यांचे फोटो.

१९ फेब्रुवारी

५२ क्रमांकाचा अर्ज: चौदा लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवायच्या. मालक वयस्कर, एकटे राहतात. वर गेले तर त्यांनी आधीच सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या.

"मॅडम, तुम्ही फक्त नाही म्हणायला आला आहात, हे मला माहीत आहे."

"काका, आधी खिडक्या तर बघू दे."

चौदापैकी नऊ खिडक्यांची खालची आडवी पट्टी कुजली आहे. तेवढीच. बाकी लाकूड जुन्या झाडाच्या गाभ्याचे, दाट रेषांचे; नख रुतत नाही. कुजलेला तुकडा कापून त्याच जातीच्या लाकडाचा तिरपा जोड दिला तर खिडकी पुढे कित्येक दशके चालेल. पण काकांची खरी तक्रार वेगळीच निघाली. रस्त्याचा आवाज आणि फटींतून येणारे वारे. ती तक्रार रास्त आहे आणि जुन्या खिडकीच्या प्रेमापोटी ती नाकारणे मला पटत नाही. आतल्या बाजूने काचेची दुसरी सरकती झडप बसवायला सुचवले. ती उद्या काढता येते, मूळ चौकटीला खिळा लागत नाही. मागच्या अंगणाकडच्या तीन खिडक्या आधीच कधीतरी बदललेल्या आहेत. तिथे त्यांना हवे ते बसवू दे. नोंदीच्या तिसऱ्या परिच्छेदात तसे लिहिलेलेच होते. काकांना ते पान वाचून दाखवले. त्यांनी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचले.

२६ फेब्रुवारी

८८ क्रमांकाच्या मालकांना गच्चीवर 'पूर्वी असेल तसा' नक्षीदार कठडा हवा आहे. पूर्वी होता याचा पुरावा? नाही. फोटो नाही, नकाशात नाही, भिंतीवर खाचा नाहीत. १९६४ च्या व्हेनिस सनदेत हे स्वच्छ सांगितले आहे की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. साधा कठडा करावा, असे कळवले. त्यांचा हिरमोड झाला. हौस चांगली आहे, पण खोटा पुरावा पुढच्या माणसाला फसवतो. पन्नास वर्षांनी माझ्यासारखीच कुणी तरी मान वर करून तो कठडा पाहील आणि मूळचा म्हणून लिहून ठेवील.

५ मार्च

यादीत नसलेल्या जागी आज तीन तास उभी होते. ९४ आणि ९५ यांच्यामधली बोळ आत जाते आणि एक लांबट अंगण लागते. दोन्ही बाजूंना बारा-बारा खोल्यांची ओळ, समोर पडवी, मध्ये सामाईक नळ. एका छापखान्याने आपल्या कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या. रस्त्यावरून हे काहीच दिसत नाही, म्हणून जुन्या यादीत नाही. त्या वेळी ज्यांनी सर्वेक्षण केले ते रस्त्याने चालले आणि दर्शनी भाग पाहत गेले.

दर्शनी भाग हा आमच्या धंद्याचा जुना आजार आहे. ज्याला देखणे तोंड आहे तो टिकतो. कष्टकऱ्यांच्या घरांना तोंड नसते, अंगण असते. या चोवीस खोल्यांचे महत्त्व एकेका खोलीत शोधले तर काहीच नाही: चार भिंती, कौले, एक खिडकी. ते सगळे एकत्र मांडण्यात आहे. सगळी दारे अंगणाकडे. नळावरून कुणालाही कुणाचेही दार दिसते. पश्चिमेकडची ओळ आज भरलेली आहे. पूर्वेकडची बहुतेक रिकामी, तीन ठिकाणी छप्पर बसलेले.

रात्री निवेदन लिहिले. मुद्दे तीन: अंगणाभोवतीची मांडणी, सलग पडवी आणि तिचे लाकडी खांब, आणि 'प्रत्येक कुटुंबास एक स्वतंत्र खोली व स्वतंत्र दार ही मूळ योजना अबाधित'.

११ मार्च

मला वाटले होते त्यापेक्षा लवकर. पूर्वेकडच्या ओळीसाठी पाडकामाचा अर्ज दाखल झाला आहे. आमची नोंद अर्जाच्या चार दिवस आधीची आहे, जावक क्रमांकासह. जागा अजून यादीत नाही, पण यादीत घेण्याचा प्रस्ताव समितीपुढे असताना निर्णय होईपर्यंत पाडता येत नाही. ७३ च्या वेळी हे चार दिवस माझ्याजवळ नव्हते.

१३ मार्च

मालकांना भेटले. चिडलेले होते, आणि त्यांचे सगळेच चूक नव्हते. "जपायचे तुम्हाला, पैसे घालायचे मी." या प्रश्नाला आमच्या क्षेत्रात मोठा इतिहास आहे. न्यूयॉर्कचे पेन स्टेशन १९६३ मध्ये पाडायला घेतले, लोक हळहळले, आणि १९६५ साली त्या शहराने वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. पुढे ग्रँड सेंट्रल स्थानकावर उंच इमारत उभारायला नकार मिळाल्यावर मालक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ चा निकाल शहराच्या बाजूने लागला. त्या निकालात एक गोष्ट लक्षात घेतली गेली: कंपनीला स्थानक आहे तसे वापरता येत होते, आणि न वापरलेले बांधकामाचे हक्क जवळच्या दुसऱ्या जागांवर नेता येत होते. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली तेव्हा तिथेही हस्तांतरणीय विकास हक्कांचा, म्हणजे लोक ज्याला टीडीआर म्हणतात त्याचा, मार्ग ठेवला गेला.

आमच्या मालकांना टीडीआरचे गणित मांडून दाखवले. त्यांना ते पुरेसे वाटले नाही. खोल्या भाड्याने आहेत आणि भाड्यातून कौलेही बदलत नाहीत. मालकावर नुसती बंधने घालून वास्तू टिकत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. टिपणात करसवलतीची शिफारस जोडली.

२१ मार्च

मालकांकडून संरचना अभियंत्याचा अहवाल. दोन पाने. निष्कर्ष: 'धोकादायक, पाडणे आवश्यक.' कोणत्या भिंतीला किती झुकाव, किती मोजला, पाया उघडून पाहिला का, काहीच नाही. सगळे फोटो बसलेल्या छपरांचे. छप्पर बसले म्हणजे भिंती गेल्या असे होत नाही. पण पाऊस आत येऊ दिला तर भिंतीही जातील, आणि दुर्लक्ष करून पाडकामाची पाळी आणणे ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी युक्ती आहे.

चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून दुसरी तपासणी मागितली आहे. तोपर्यंत टेकू आणि ताडपत्री.

२९ मार्च

दुसरा अहवाल आला. खोली १ ते ८ दुरुस्त होण्याजोग्या. ९ ते १२ च्या मागच्या भिंतीचा पाया खचलेला. तिथे माणूस राहू देऊ नये. मला दुसरे उत्तर हवे होते. पण या अभियंत्याने प्रत्येक भेगेवर काचपट्टी लावून मोजले आहे, आणि त्याचे मला आवडेल तेवढेच मी मानणार नाही.

२ एप्रिल

सुनावणी, अडीच तास. पश्चिमेकडच्या ओळीतली चार कुटुंबे बोलायला आली होती. एका ताईंनी नळाविषयी जे सांगितले ते माझ्या तिन्ही मुद्द्यांपेक्षा नेमके होते: "दार उघडे असले की मूल कुठे आहे ते बारा जणी बघतात." समितीच्या अध्यक्षांनी ते इतिवृत्तात घ्यायला सांगितले. वकिलांनी याही वेळी नोंदीबद्दल विचारले. मी पान पुढे केले.

निर्णय: पश्चिमेची ओळ, अंगण आणि नळ यादीत. पूर्वेची पूर्ण ओळ पाडायला परवानगी, कारण अर्धी ठेवून उरलेल्या जागेत काही उभे राहू शकत नाही, हे मालकांचे म्हणणे मान्य झाले. अट: पाडण्याआधी मोजमापे, रेखाचित्रे, फोटो यांचा पूर्ण संच शहराकडे जमा. नवी माहिती आढळल्यास समितीला कळवणे. मुदत तीस दिवस.

खोली १ ते ८ दुरुस्त होण्याजोग्या होत्या. त्याही जातील.

३ एप्रिल

आज कामात लक्ष लागले नाही.

९ एप्रिल

मोजमापे सुरू. दोघे जण, टेप, ओळंबा, लेसर मीटर, रेखाटनाचा फळा. पाडायचेच आहे तर मोजायचे कशाला, असे पाडकामाच्या मुकादमाने विचारले. मी त्याला वॉर्साची गोष्ट सांगितली. १९४४ साली त्या शहराचा जुना भाग जवळजवळ सगळा उद्ध्वस्त केला गेला. पुढे तो पुन्हा बांधला तो दोन गोष्टींच्या आधारावर: बेलोत्तो या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेली रस्त्यांची चित्रे, आणि तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी युद्धाआधी काढलेली मोजणीची रेखाचित्रे. ती काढणाऱ्या मुलांना शहर पडणार हे ठाऊक नव्हते. १९८० मध्ये युनेस्कोने तो भाग जागतिक वारसा यादीत घेतला. मुकादमाने ऐकून घेतले आणि टेपचे दुसरे टोक धरले.

१२ एप्रिल

खोली ३ आणि ४ मधली भिंत. गिलाव्याचा एक मोठा पोपडा आपोआप सुटून पडला होता, आत विटांची एक उभी कड सरळ रेषेत दिसली. भिंतीत विटा एकमेकींत गुंततात, अशी सरळ कड येत नाही. माझ्या खांद्याच्या वर तिथे आडवे लाकूड. म्हणजे दार होते आणि नंतर बुजवले.

मग सगळ्या आडभिंती वाजवून पाहिल्या, आणि दुपारी उष्णता टिपणारा कॅमेरा मागवला. बुजवलेल्या भागाची जाडी आणि माल वेगळा असतो, त्यामुळे तो वेगळ्या गतीने तापतो आणि निवतो. गिलाव्याखालूनही त्याचा आकार उमटतो. १-२ मध्ये दार आहे. २-३ मध्ये नाही. ३-४ मध्ये आहे. ४-५ मध्ये नाही. ५-६ मध्ये, ७-८ मध्ये आहे. ९ च्या पुढे आत जाणे धोक्याचे, तिथे पाहिले नाही.

म्हणजे या बारा खोल्या नव्हत्याच. निदान पहिल्या आठ तरी दोन-दोन खोल्यांची चार घरे होती. कधीतरी मधली दारे बुजवून प्रत्येक घराची दोन केली. बाहेरची दारे पाहिली: २, ४, ६ आणि ८ च्या चौकटी मापाने थोड्या अरुंद आहेत, आणि त्यांच्याभोवतीच्या विटा कापलेल्या आहेत. ती दारे नंतर फोडलेली आहेत.

माझ्या निवेदनाचा तिसरा मुद्दा चुकला. 'मूळ योजना अबाधित' असे मी एका रात्रीत लिहिले, भिंतीला हात न लावता, आणि समितीने ते मानले. मूळ घर दुप्पट मोठे होते. त्याच भिंतींत मागून दुप्पट कुटुंबे मावावीत म्हणून ते चिरले गेले. एका अंगणातल्या माणसांच्या जगण्याचा त्याहून स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे मिळणार नाही, आणि तो अधिक उघड दिसतो तो पाडायच्या ओळीत.

१३ एप्रिल

सकाळी पश्चिमेच्या ओळीत त्या ताईंच्या घरी कॅमेरा नेला. त्यांच्या आणि शेजारच्या खोलीच्या मधल्या भिंतीवर दाराचा आकार उमटला. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले, मग भिंतीवर त्या जागी हात ठेवला. "इथे माझे कपाट आहे," म्हणाल्या.

पश्चिमेची नोंद दुरुस्त केली. तिसरा मुद्दा नव्याने लिहिला, 'अबाधित' हा शब्द काढला, बुजवलेल्या दारांची जागा नकाशावर दाखवली, म्हणजे उद्या कुणी तिथे सिमेंट भरणार नाही.

समितीला टिपण: नवी माहिती आढळली आहे, माझ्या मूळ निवेदनातील तिसरा मुद्दा चुकीचा होता, खोली ३ व ४ ही जोडी अभियंत्याच्या अहवालानुसार दुरुस्त होण्याजोगी आहे, ती एक जोडी ठेवण्याचा विचार व्हावा. सोबत उष्णताचित्रे सहा, रेखाचित्रे चार.

संध्याकाळी परत जाऊन ३ क्रमांकाच्या दारावर सूचना चिकटवली: 'समितीचा निर्णय होईपर्यंत आतील भिंतीचा गिलावा काढू नये.' मुकादम शेजारी उभा होता. त्याने कागदाचे चारही कोपरे नीट दाबून दिले.